गाडी पाठवावी

परदेशी सहल ठरली की मराठी घरात अभ्यासाची वाटणी आपोआप होते. एक जण विमानाच्या तिकिटांवर डोळा ठेवून बसतो आणि मंगळवारी पहाटे ती स्वस्त होतात अशा श्रद्धेने गजर लावून झोपतो. एक जण हॉटेलांबद्दल लोकांनी लिहिलेलं वाचतो आणि त्यातलं नेमकं वाईट तेवढं मोठ्याने वाचून दाखवतो. खाऊचं खातं वेगळंच असतं: दशम्या किती दिवस टिकतील, मेतकूट किती न्यायचं, लसणाची चटणी कपड्यांना वास लागणार नाही अशी कशी बांधायची. देवळं, धबधबे, समुद्रकिनारे, सगळ्यांच्या याद्या होतात. फक्त विमानतळापासून हॉटेलपर्यंतचा रस्ता कुणाच्याच वाट्याला येत नाही. मुंबईपासून बालीपर्यंतचा अर्धा आशिया चोख आखलेला असतो आणि शेवटच्या पस्तीस-चाळीस किलोमीटरांपुढे लिहिलेलं असतं, 'तिथे गेल्यावर बघू'.

'तिथे गेल्यावर बघू' हा आपल्याकडचा जुना आणि बलाढ्य पंथ आहे. आमच्या घरात त्याची गादी नवऱ्याकडे आहे. त्याचं म्हणणं असं, की विमानतळ आहे म्हणजे टॅक्सी असणारच, टॅक्सी आहे म्हणजे भाव करता येणारच, आणि आधीपासून ठरवून ठेवणारा माणूस नेहमी जास्त पैसे देतो. तिन्ही वाक्यं खरी आहेत. अडचण एवढीच की हा पंथ चालवायला माणूस ताजातवाना लागतो. घासाघीस ही सकाळी आंघोळ उरकून, पोटभर पोहे खाऊन करायची गोष्ट. सिंगापूरला विमान बदलून, अडीच तास पुढे पळालेल्या घड्याळाशी जुळवून घेत, अनोळखी नोटांवरची शून्यं मोजत उभं असताना ती जमत नाही. त्यातून या वेळी आई, म्हणजे माझ्या सासूबाई, बरोबर होत्या. त्यांचे गुडघे कोणत्याच पंथाचे नाहीत.

म्हणून गाडी मी ठरवली.

ती ठरवताना जेवढे प्रश्न विचारले गेले तेवढे व्हिसालाही कुणी विचारले नव्हते. विमानाचा नंबर. उतरण्याची वेळ. मोठी माणसं किती. लहान मुलाची खुर्ची हवी का. मोठ्या बॅगा किती, छोट्या किती. या शेवटच्या प्रश्नाला मराठी माणसाकडे प्रामाणिक उत्तर नसतं, कारण आपलं सामान अशा दोनच जातींत मावत नाही. आईंची एक कापडी पिशवी होती. ती त्यांच्या मते सामानात धरायचीच नाही, ती 'हातातली'. तिच्यात चकल्यांपासून आयोडेक्सपर्यंत एक छोटा संसार होता आणि बॅगांच्या रांगेत तिला सर्वांत जास्त जागा लागणार हे उघड होतं. मी मोठ्या तीन, छोट्या दोन असं लिहिलं आणि पिशवी देवावर सोडली.

मग गाडी निवडायची. चौघांच्या आत असाल तर अवांझा पुरते, सामान जास्त असेल तर इनोव्हा घ्या, असा सल्ला होता. इनोव्हाचं चित्र पाहून गाववाला भेटल्यासारखं झालं. आपल्याकडे लग्नाचं वऱ्हाड, आमदार आणि शिर्डी या तिन्हींशी जिचं नाव जोडलेलं आहे ती ही गाडी मुळात इंडोनेशियाच्या घरची. टोयोटाने 1977 साली तिथे किजांग नावाची गाडी आणली. आपली जुनी क्वालिस त्याच घराण्यातली, आणि 2004 साली त्याच घराण्यात इनोव्हा जन्मली. पुढच्या वर्षी ती इकडे आली. तिथे ती अजून किजांग इनोव्हा अशी माहेरच्या नावासह फिरते. एवढ्या लांब जाऊन आम्ही शिर्डीच्याच गाडीत बसणार होतो, आणि खरं सांगायचं तर त्याचा मला धीर आला.

पैसे भरायच्या वेळी मात्र घरात सभा भरली. विमानतळापासून, आमचं हॉटेल होतं त्या उबुडपर्यंतचं भाडं होतं पावणेचार लाख. आई म्हणाल्या, "गाडी विकत घेताय का?" एका रुपयाला साधारण पावणेदोनशे ते दोनशे इंडोनेशियन रुपिया मिळतात हे त्यांना समजावून सांगितलं, तेव्हा त्या पावणेचार लाखांचे दोन हजार झाले. मुंबईच्या विमानतळावरून पुण्याला यायला आपण याहून जास्त मोजतो. पण पंथप्रमुखांचं समाधान होईना. उभ्या उभ्या टॅक्सी केली तर दीड हजारात काम होईल असं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. वाद आता उरलेल्या पाचशे रुपयांवर आला. विमानाच्या तिकिटात हजारोंचा फरक निमूट गिळणारा माणूस पाचशे रुपयांसाठी तासभर बोलू शकतो, कारण तिकिटाचे पैसे कशाचे ते त्याला कळतं. हे पाचशे कशाचे?

मला विचाराल तर ते पाचशे रुपये गाडीचे नसतातच. रस्ता तोच, चाकं तीच, गर्दीत अडकायचं तेही सारखंच. ते पैसे आपली वाट पाहत कुणीतरी उभं असण्याचे असतात.

ही गोष्ट पूर्वी फुकट मिळायची. आईंचं माहेर बार्शीकडचं. सासरहून माहेरी जायचं ठरलं की आधी पोस्टकार्ड जायचं: शुक्रवारच्या गाडीने येत आहोत, स्टेशनवर गाडी पाठवावी. ते कार्ड म्हणजे बुकिंग. त्यात प्रौढ किती, मुलं किती हेही लिहिलेलं असायचं, आणि बॅगांऐवजी 'सोबत वळकटी आहे' अशी सूचना. मग बार्शी लाइट रेल्वे आपल्या मर्जीने, वाटेत कुणी ओळखीचं दिसलं तर त्याच्याशी बोलून आल्यासारखी, केव्हातरी पोचायची. स्टेशनबाहेर दमणी उभी असायची. गड्याने बैल सोडून त्यांच्यापुढे कडबा टाकलेला, आणि स्वतः जुवाला टेकून झोपलेला. तो सकाळपासून आलेला असे. साठ मिनिटांनंतर थांबण्याचे जादा पैसे पडतील, असं त्याच्या करारात नव्हतं. आमच्या करारात ते होतं. विमान उतरल्यापासून तासभर थांबणं फुकट, पुढे आकार. विमानाचा नंबर विचारतात तो यासाठीच: विमान उशिरा आलं तर चालकही उशिरा निघतो आणि तासाची मोजणी विमानाची चाकं जमिनीला टेकल्यावर सुरू होते. बार्शीच्या गड्याला ही सोय कुणी दिली नव्हती.

बालीच्या विमानतळाचं नाव इ गुस्ती न्गुराह राय. डच सत्तेशी लढताना 20 नोव्हेंबर 1946 रोजी मार्गा इथे आपल्या तुकडीसह शेवटपर्यंत झुंजून मेलेला हा सेनानी तेव्हा अवघ्या 29 वर्षांचा होता. काही वर्षांपूर्वीपर्यंत 50 हजार रुपियांच्या नोटेवर तो होता. त्याच्या नावाच्या धावपट्टीचं पश्चिमेचं टोक सरळ समुद्रात घुसलं आहे, त्यामुळे खिडकीतून पाहणाऱ्याला शेवटपर्यंत खाली पाणीच दिसत राहतं. आईंनी डोळे मिटून घेतले आणि टाळ्या ऐकू आल्यावर उघडले.

त्यानंतरचा भाग थोडक्यात सांगते, कारण तो कुणालाच आवडत नाही. व्हिसाचे माणशी पाच लाख. बेटावर पाऊल ठेवण्याचा कर दीड लाख, तो 14 फेब्रुवारी 2024 पासून सुरू झालेला. घरातून निघताना मध्यमवर्गीय असलेलं कुटुंब इथे अर्ध्या तासात लाखांच्या भाषेत बोलायला लागतं. रांग, शिक्का, पट्टा, बॅगा, पुन्हा रांग. आणि मग काचेचा दरवाजा उघडतो, दमट हवेचा पहिला लोट चष्म्यावर बसतो, आणि समोर कठड्यापलीकडे माणसांची भिंत उभी असते. प्रत्येकाच्या हातात पाटी.

या पाट्या वाचण्यात मी माझी फुकटची साठ मिनिटं आनंदाने घालवली असती. जगातल्या सगळ्या आडनावांवर तिथे बालीचे संस्कार झालेले असतात. एका कुलकर्णींचे 'कुरुकानी' झाले होते. एका पाटीवर नुसतं 'हनिमून' लिहिलेलं होतं आणि तिच्या दिशेने दोन वेगवेगळी जोडपी चालली होती. काही पाट्या छापील, काही हाताने लिहिलेल्या, काही फोनच्या पडद्यावर चमकणाऱ्या. आणि त्या धरणारे लोक इतके शांत, की आपल्याकडे दादरला गाडी लागली की होणारा गलका आठवून उगाच चुकल्यासारखं वाटतं. टॅक्सीवाले विचारत होते, नाही असं नाही. पण ते सगळे 'येतो' म्हणत होते. पुण्यातल्या रिक्षांवर वाढलेल्या माणसाला याचाच आधी संशय येतो.

चालकाचा निरोप आलेला होता: "मी वायान. बाहेर उभा आहे." वाचून बरं वाटलं, पण ते दोन मिनिटंच. कारण बालीत नाव ठेवण्याची पद्धत जन्माच्या क्रमाने आहे. पहिलं मूल बहुधा वायान, दुसरं मादे, तिसरं न्योमान, चौथं केतुत. पहिल्यासाठी पुतू किंवा गदे, दुसऱ्यासाठी कादेक, तिसऱ्यासाठी कोमांग असे पर्याय आहेत, आणि पाचवं झालं तर पुन्हा वायानपासून सुरुवात. मुलगा असो की मुलगी, क्रम तोच. म्हणजे त्या कठड्यापलीकडे उभ्या असलेल्या निदान चौथाई लोकांना 'वायान' अशी हाक मारली असती तर त्यांनी 'ओ' दिली असती. दोन मुलं पुरेत हा सरकारी संदेश इंडोनेशियाने गेल्या पन्नास वर्षांत इतका मनावर घेतला, की न्योमान आणि केतुत ही नावं घरांतून कमी होऊ लागली. 2019 साली बालीच्या राज्यपालांनी लोकांना चार मुलांची परंपरा जपा, असं आवाहन केलं. हे राज्यपाल स्वतः वायान. केतुतांची काळजी वायानांनी करावी हे मोठ्या भावाला शोभून दिसतं.

तेव्हा चालकाला नावाने शोधणं शक्य नव्हतं. त्यानेच आम्हाला शोधायचं. मी आमच्या आडनावाची पाटी शोधत होते. ते कुठेच नव्हतं. नवऱ्याच्या चेहऱ्यावर 'मी म्हटलं होतं' उगवायला लागलं. तेवढ्यात आई थांबल्या. त्यांनी पदराने चष्मा पुसला, पुन्हा लावला, आणि हळूच म्हणाल्या, "अगं, हे इथे कधी आले?"

पाटीवर माझ्या सासऱ्यांचं नाव होतं. स्वच्छ, मोठ्या अक्षरांत, मागे 'मिस्टर' लावून.

झालं होतं ते सरळ आहे. गाडी नवऱ्याच्या पूर्ण नावाने ठरवली होती, आणि आपल्याकडे पूर्ण नावात स्वतःच्या नावापुढे वडिलांचं नाव येतं, मग आडनाव. इंडोनेशियात पुष्कळांना आडनावच नसतं, काहींना तर एकच नाव. तीन नावांच्या त्या रांगेतून पाटी लिहिणाऱ्याला जे उच्चारायला सोपं वाटलं ते त्याने उचललं. सासरे जाऊन बरीच वर्षं झाली. हयातीत ते तिरुपतीच्या पलीकडे गेले नव्हते, आणि तिथेही स्टेशनवर त्यांना घ्यायला कुणी आलं नव्हतं. बालीच्या विमानतळावर मात्र त्यांच्या नावाने इनोव्हा उभी होती.

पुढे सगळ्या मुक्कामात वायान माझ्या नवऱ्याला त्याच नावाने हाक मारत राहिला. सुरुवातीला आम्ही दुरुस्ती करणार होतो. पण आईंनी जन्मात कधी नवऱ्याचं नाव तोंडाने घेतलेलं नाही. लग्नाच्या वर्षात उखाण्यात घेतलं असेल तेवढंच. आता ते नाव दिवसातून वीस वेळा, अगदी आदराने, मोकळ्या हवेत घेतलं जात होतं, आणि त्यांना ते ऐकायला आवडत होतं. "राहू दे गं," त्या म्हणाल्या, "त्याला कशाला उगीच गोंधळात पाडायचं."

विमानतळाच्या तोंडाशीच, चौकात, घटोत्कच आहे. मोठंच्या मोठं शिल्प: घोडे उधळलेले, कर्णाचा रथ, आणि त्याच्यावर झेप घेणारा भीमाचा मुलगा. मुंबईच्या विमानतळाबाहेर घटोत्कच उभारायची कल्पना आपल्याकडे कुणाला सुचली नसती. आपण त्याला मायाबाजारात ठेवला, जेवणावळीत आणि विनोदात ठेवला. इंडोनेशियात तो वीर आहे, उडणारा वीर. त्या देशाने स्वतः बनवलेल्या एन-250 या विमानाचं पहिलं उड्डाण 10 ऑगस्ट 1995 रोजी बांडुंगला झालं, तेव्हा त्या विमानाचं नावही गातोत्काचाच होतं. विमानतळाच्या दारात उभा राहण्याचा त्याचा हक्क पक्का आहे.

पण माझ्या मते त्याचा हक्क आणखी जुना आहे. वनपर्वात पांडव गंधमादनाकडे निघतात. वादळ, पाऊस, चढ. द्रौपदी थकून कोसळते. भीम घटोत्कचाचं नुसतं स्मरण करतो आणि तो हात जोडून हजर होतो. द्रौपदीला तो स्वतः उचलून घेतो, पांडव आणि ब्राह्मण त्याच्या सोबतच्या राक्षसांच्या खांद्यांवर बसतात, आणि मंडळी थेट बदरीला पोचतात. ठरलेल्या ठिकाणाहून ठरलेल्या ठिकाणी, सामानासकट, वाटेत कुठे न थांबता. बुकिंग म्हणजे स्मरण, भाडं नाही. आणि या प्रवासात एक लोमश ऋषी असतात, त्यांना कुणाच्या खांद्याची गरज पडत नाही. ते आपल्या तपाच्या बळावर आकाशातून जातात. 'तिथे गेल्यावर बघू' पंथाचा मूळ पुरुष हाच असावा. फक्त त्यासाठी लोमशांचं तप लागतं, हे पंथातले लोक विसरतात.

हे मी गाडीत मोठ्याने बोलले. वायानला 'महाभारत' एवढा शब्द कळला आणि तो खुलला. 2014 साली आपली महाभारत मालिका तिकडच्या वाहिनीवर लागली आणि घराघरांत पाहिली गेली; तिच्यातला अर्जुन तर तिकडे जाऊन मोठा नट झाला. वायानच्या आईने एकही भाग चुकवला नव्हता. मग सासूबाई आणि वायान यांचं मोडक्या इंग्रजीत आणि हातवाऱ्यांत जे काही चाललं त्यात भीम, शकुनी आणि डोळ्यांवर पट्टी बांधलेली गांधारी एवढं मला ओळखू आलं. थोड्याच वेळाने दुसरा मोठा चौक लागला. तिथे भीमाचं शिल्प होतं, खोल समुद्रात अमृताच्या शोधात गेलेल्या भीमाचं. खालून 2013 साली केलेला भुयारी रस्ता. मुलगा विमानतळावर, वडील चौकात. आईंनी दोघांनाही हात जोडले.

रस्ता मात्र चालत नव्हता. दक्षिण बालीतल्या संध्याकाळच्या वाहतुकीपुढे घटोत्कचही खाली उतरून चालला असता. इथे आधी ठरवलेल्या गाडीचं खरं स्वरूप कळायला लागतं. उबुडला जायला तासभर ते दोन तास लागतात आणि तेवढा वेळ एक माणूस आणि एक कुटुंब एका पेटीत बंद असतात. ही दोन्ही बाजूंनी घेतलेली मुलाखत असते. वायानला आमच्याकडून उबुडचं भाडं मिळालं, त्यात विमानतळावरच्या पार्किंगचे पैसे त्याचे गेले, परतताना गाडी रिकामी. या फेरीवर त्याचं घर चालत नाही. त्याला पुढचे दिवस हवे असतात: उद्या किंतामानीचा ज्वालामुखी, परवा बेसाकीह, मग तानाह लोत. दिवसभराची गाडी, चालकासह. पहिली फेरी म्हणजे त्याचं बोहनीचं गिऱ्हाईक. म्हणून तो गाडी सावकाश चालवतो, एसी विचारून कमी करतो, आईंना पाण्याची बाटली उघडून देतो, आणि अर्ध्या रस्त्यात, अगदी सहज, विचारतो, "उद्या काय ठरलंय?"

घासाघीस टळली असं वाटून मी गाडी ठरवली होती. ती टळली नव्हती, फक्त गादीवर बसून चालली होती. पंथप्रमुखांचा चेहरा उजळला. पुढच्या चाळीस मिनिटांत तीन दिवसांची गाडी ठरली आणि त्यात त्यांनी हवे होते ते पाचशे रुपये व्याजासकट वसूल केले असा त्यांचा दावा आहे. वायानही खूश दिसत होता, तेव्हा दोघांपैकी कोण जिंकलं हे सांगणं अवघड आहे.

गाडीच्या समोरच्या भागावर पानांची विणलेली इवलीशी परडी होती, तिच्यात फुलं, चार शितं, विझलेली उदबत्ती. हे रोजचं. शिवाय दर 210 दिवसांनी तुम्पेक लांदेप नावाचा दिवस येतो. मूळ पूजा शस्त्रांची आणि धारदार वस्तूंची. आता त्या दिवशी मोटारी आणि स्कूटरीही धुऊन, सजवून पुजल्या जातात. आईंनी त्याला आमच्या दसऱ्याबद्दल सांगितलं: झेंडूचा हार, चाकाखाली लिंबू. लिंबाचा भाग त्या हातवाऱ्यांनी सांगत असताना वायानने गाडी बाजूला घेतली, चाकाखाली काही गेलं की काय ते पाहायला.

या सगळ्या गोडव्याला दुसरी बाजू आहे. उबुड, चांगू अशा ठिकाणी रस्त्याच्या कडेला पाट्या दिसतात: ॲपवरच्या गाड्यांना इथून प्रवासी घ्यायला मनाई. ग्रॅब आणि गोजेक बालीत सर्रास चालतात, पण गावांचं म्हणणं असं, की आमच्या वेशीतला प्रवासी आमच्या पोरांनी न्यावा. फोनवर भाव अर्धा दिसतो आणि समोर उभा असलेला गावचा माणूस दुप्पट मागतो, तेव्हा प्रवासी चिडतो. चिडण्यात चूक नाही. पण ज्या गावाची शेतं हॉटेलांखाली गेली त्या गावाच्या पोराला निदान त्या हॉटेलातल्या पाहुण्याची बॅग उचलायला मिळावी, ही मागणीही मला अगदीच वेडगळ वाटत नाही. गोव्यात टॅक्सीवाले आणि ॲपवाले यांचं जे वर्षानुवर्षं चाललं आहे ते ज्यांनी पाहिलं आहे त्यांना हा वाद ओळखीचा वाटेल. बालीत गावच्या चालकालाच थेट सांगून गाडी ठरवली तर निम्मा वाद मिटतो, एवढं मात्र मी पाहिलं.

वाटेत बातुबुलान लागलं, दगडी मूर्तींचं गाव. मग चांदीकामाचं चेलुक, मग लाकूडकामाचं मास. अंधारात दुकानांच्या दारांत शेकडो गणपती एका रांगेत बसलेले. आई मोजायला लागल्या आणि मोजता मोजता झोपल्या. कापडी पिशवी त्यांच्या मांडीवरच होती. तिला शेवटपर्यंत कुणी सामानात धरलं नाही.

आता काही लोकांचं म्हणणं असतं, की अशा गाडीमुळे प्रवासातली मजा जाते. चुकायला हवं, फसायला हवं, रात्री अनोळखी रस्त्यावर बॅग ओढत हॉटेल शोधायला हवं, मगच गाव कळतं. हे म्हणणारे लोक सहसा एकटे आणि पंचविशीतले असतात, किंवा पंचविशीत एकटे होते ते आठवून बोलत असतात. त्यांनी खुशाल फसावं. नव्या गावातल्या पहिल्या दोन तासांत माणूस स्वतःच्या सरासरीपेक्षा मंद असतो, हे मी आमच्या घरातल्या हुशार माणसांवरून सांगते. तेवढ्या वेळापुरती आपली अक्कल दुसऱ्याच्या हाती द्यावी. नंतरचे दिवस आहेतच. परतीच्या फेरीला तर गाडी आधी ठरवायची गरजही नसते, कारण तोपर्यंत तुमचा एक वायान झालेला असतो. आम्ही परतताना त्याने समुद्रावरून जाणारा टोलरस्ता घेतला, 2013 साली सुरू झालेला, खाली खारफुटी, दोन्हीकडे पाणी. विमानतळावर त्याने सासऱ्यांच्या नावाने माझ्या नवऱ्याचा निरोप घेतला आणि आईंच्या पाया पडला.

तेव्हा जाणार असाल तर पहिल्या दिवसाची गाडी इथूनच ठरवा, मोठ्या-छोट्या बॅगांबरोबर पिशवीही मोजा, आणि पाटीवर कोणतं नाव हवं ते वेगळं लिहून कळवा. आणखी एक. बालीचा शक आपलाच, शालिवाहनाचा, आणि त्यांचा नववर्षाचा दिवस न्येपी पुष्कळदा आपल्या पाडव्याच्या आसपासच येतो. 2026 साली, शके 1948 ला, दोन्ही एकाच दिवशी, 19 मार्चला. पाडव्याच्या सुट्टीला जोडून तिकीट काढण्याचा मोह होतो. पण न्येपी हा मौनाचा दिवस आहे. सकाळी सहापासून दुसऱ्या दिवशी सकाळी सहापर्यंत रस्त्यावर कुणी फिरत नाही, दिवे लावत नाहीत, 2018 पासून मोबाइलचं इंटरनेटही बंद ठेवतात. पाहुण्यांनाही हॉटेलबाहेर पडता येत नाही. आणि विमानतळ पूर्ण चोवीस तास बंद असतो. त्या तारखेची गाडी कुणी ठरवून देत असेल, तर त्याला पैसे देऊ नका.